काखेत काचणारा झंपर

अंबडच्या बायकांच्या अंगाची खरी माहिती अख्ख्या तालुक्यात एकाच व्यक्तीकडे आहे, आणि ती व्यक्ती डॉक्टर नाही. ती आमची टेलरकाकू. तिच्या एका खोलीच्या दुकानात गेली तीस वर्षं बायका झंपर शिवायला येतात, आणि काकूनं आजवर एकीचंही माप वहीत लिहिलेलं नाही. सगळं डोक्यात. बसस्टँडवर कुणी पाठमोरी दिसली की काकूला तिचं नाव आठवत नाही, आकडा आठवतो. "ती बघ, छत्तीस, डावा खांदा उतरता," म्हणत ती हाक मारायला तोंड उघडते आणि नावापाशी अडते.

तिच्या स्वतःच्या पाठीवर चिकूएवढी गाठ आहे. चरबीची, डॉक्टरांनी तपासून निर्धोक ठरवलेली. दुसरीनं ती लपवली असती; काकू गिऱ्हाइकांना हात लावायला लावते. "दाब की. सरकती का बोटाखाली? वीस वर्षं झाली, बिलकुल आपल्या जागेवर. हिला खिसा हाय. खिशात ठेवलेली सुपारी. वाढंल, पण खिशाबाहेर पडणार न्हाई." मग एखादी नवखी विचारते, वाईट गाठ कशी असते? काकू मशीन थांबवते. "ती कच्च्या रंगाच्या लुगड्यावानी. तिला खिसा नस्तो. शेजारच्या कपड्याला लागती, आन् बादलीतल्या पाण्यासंगं लांबच्या कपड्यालाही. अंगात रक्त फिरतं ना, तेच पाणी." एकदा अंकुशनगरच्या एका मुलीनं स्वतःच्या छातीतली गाठ चाचपून सांगितलं, माझीही सरकते, म्हणजे सुपारीच. काकू कडाडली, "बोटाला काय कळतं? डॉक्टर सुई टोचून तपासाया पाठवतेत, तवा कळतं." मुलगी रुसून गेली आणि पंधरा दिवसांनी पेढे घेऊन आली. सुपारीच निघाली होती. काकूनं पेढा खाल्ला आणि माफी काही मागितली नाही.

दोन्ही बाजूंनी घट्ट झालेला झंपर काकू निमूट उसवून देते. एकाच बाजूनं काचत असेल, तर कारण कळल्याशिवाय कात्री लावत नाही. "तुम्ही टेलर का डॉक्टर?" असं एका शिक्षिकेनं सुनावलं. "टेलरच. डॉक्टरपुढं तुम्ही पदर काढत न्हाई, माझ्यापुढं काढता. मंग मी काय डोळे मिटून टाके घालू?"

मी तेव्हा आरोग्यावर पत्रकं काढत होते. पत्रकानं माणूस बदलतो यावर माझा लहानपणापासून विश्वास. "गाठ दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करू नका" हे वाक्य मी ठळक छापून घेतलं होतं आणि आठवडी बाजारात बाई दिसली की तिच्या हातात कोंबत होते. पत्रकांच्या घड्या घालायला आई बसायची.

मामाच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. आई लग्नातला झंपर काकूकडून सैल करून आणायला गेली आणि रिकाम्या हातानं परतली. "अक्कानं ठिवून घेतला. देत न्हाई म्हणती." माझं डोकं फिरलं. गिऱ्हाइकाची वस्तू अडवणं हा अन्याय होता, आणि अन्याय दिसला की मी चप्पल घालून निघते. दुकानात चार बायकांसमोर मी काकूला गिऱ्हाइकाच्या हक्कांवर भाषण दिलं. तिनं मशीनवरून मान वर केली नाही. माझं संपल्यावर बायकांना बाहेर बसवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "पोरी, तुझ्या आईला उजव्याच काखेत काचतंय. इचारलं तर म्हणती, छातीत गाठ हाय, पण दुखत न्हाई, लग्न होऊ दे. तू ते कागद वाटत फिरतीस ना? एक घरी वाचून दाखव."

घरी आई घड्याच घालत होती. तेच ठळक वाक्य तिच्या अंगठ्याखाली.

"किती दिवस झाले?"

तिनं कागदाच्या कडा नीट जुळवल्या. "संक्रांतीपासून. तुझं काम जोरात चाललं होतं, म्हणलं मधी कशाला."

जालन्याला सुईची तपासणी झाली. खिसा नसलेली निघाली. काखेपर्यंत पोचली होती, त्यापुढं गेली नव्हती. लग्न आम्हा दोघींविना लागलं. आईची उजवी बाजू काढली, पुढची औषधं झाली, केस गेले, बारीक बारीक परत आले.

काकू माप घ्यायला किंवा कपडे पोचवायला कुणाच्या घरी जात नाही. त्या दिवाळीआधी मात्र ती नवा झंपर घेऊन आमच्याकडे आली. आतून उजव्या बाजूला तिनं एक लहानशी उशी शिवली होती. नुसता कापूस वर सरकतो, म्हणून त्यात मूठभर मोहरी. किती वेळा उसवून भरली ते तिनं सांगितलं नाही, पण अस्तरावर जुन्या टाक्यांची भोकं दिसत होती. आई झंपर घालून आरशासमोर उभी राहिली. म्हणाली, "अक्का, जरा जड लागतंय."

"लागू दे," काकू तिच्या खांद्याची शिवण सारखी करत म्हणाली. "डाव्या बाजूलाही तेवढंच वजन हाय. ते तुला कधी कळलं न्हाई, एवढंच."

आई पदर घेऊन चहा ठेवायला आत गेली. काकू बराच वेळ आरशाकडेच तोंड करून उभी राहिली, म्हणून मीही तिच्याकडे पाहिलं नाही.