पाट्यातलं मीठ

माझं आयुष्य मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर बर्फ फोडण्यात गेलं. शाळा म्हणाल तर नावाला. पण आमची एकुलती मुलगी कॉलेजात रसायनशास्त्रात डॉक्टरेट करते.

तिचं काम मला समजलं ते असं. ईथर म्हणून एक भसकन उडून जाणारं रसायन असतं, ते तोडायचं. त्यासाठी पांढरी खडी बारीक वाटायची, तिला धातूचं पाणी पाजायचं, वाळवायची, भट्टीत भाजायची. मग ती पूड काचेच्या नळीत भरून तापवायची आणि एका तोंडाने ईथरची वाफ सोडायची. पूड चांगली असली तर दुसऱ्या तोंडाने ईथरचे तुकडे बाहेर येतात. पूड मात्र संपत नाही.

हे ऐकून माझी बायको म्हणाली होती, "म्हणजे माझ्यासारखीच की गो ती! राबायचं आणि संपायचं नाही."

आणि तीच आधी संपली.

ती होती तोवर मुलीच्या पुड्या बऱ्या चालायच्या. ती गेल्यावर एकजात मेल्या. ईथर जसं आत जाई तसंच बाहेर. मुलगी म्हणे, "बाबा, माझ्या हातातलंच गेलं काहीतरी." तिच्या सरांनी सांगून टाकलं, पुढची पूड नाही चालली तर विषय बदला. म्हणजे इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात.

त्या दिवशी ती सकाळपासून उपाशी. मी म्हटलं, आज मीच करतो काहीतरी. भात टाकला आणि बायकोच्या पाट्यावर खोबरं-मिरचीची चटणी वाटली. ताटावर बसल्यावर मुलगी म्हणाली, "मीठ अगदी आईसारखं पडलंय."

"कसलं मीठ? घालायचं विसरलो मी."

तिचा घास हातातच राहिला. पडवीतल्या पाट्याकडे बघत बसली.

"काय गो, तिखट लागलं?"

"बाबा, आई गेली त्याच सुमारास कॉलेजातला खल फुटला, तेव्हापासून मी खडी या पाट्यावरच वाटते! ओल्यावर चिकटते म्हणून नुसता कोरड्या फडक्याने पुसायचा. टाकी लावून पाडलेल्या खड्ड्यांत आईचं मीठ बसलंय. मिठाने मरते माझी पूड!"

आणि हसायलाच लागली. बायको गेल्यावर घरात पहिल्यांदा कोणी हसलं. मीही हसलो, मग रडलो. लाज कसली?

शेजारच्या वर्गातून खल मागून आणून तिने नवी पूड केली. तपासणीच्या दिवशी मी डबा घेऊन गेलो आणि दारातून हललोच नाही. यंत्राच्या पडद्यावर ईथरचा सुळका उठायचा तिथे रेघ सपाट, तुकड्यांचे सुळके मात्र उंच. सर म्हणाले, "पहिल्यापेक्षाही सरस!" मी असा ओरडलो, जणू बंदरावर बर्फाची गाडी बोलावतोय.

"काका, हळू. काचा आहेत," सर म्हणाले.

"फुटू देत मेल्या! माझी मुलगी जिंकली!"

सरांनी मेलेल्या पुड्याही टाकू दिल्या नाहीत. मुद्दाम मोजून मीठ घाल, कितीला पूड मरते ते बघ, प्रबंधात तेही येऊ दे, म्हणाले. आता तिच्या प्रबंधात मिठाचं एक आख्खं प्रकरण आहे. माझ्या बायकोला सही करायलाही यायची नाही.

शेजारीण म्हणते, मिक्सर घ्या आता. घेतो कशाला? पाट्यावर चटणी मीच वाटतो. बायकोचं मीठ केव्हाच उतरलं, आता मला घालावं लागतं. दर वेळी जास्तच पडतं. मुलगी मुकाट खाते.