माहेरच्या देवाकडे गाऱ्हाणे

सांगू नये असेच हे आहे; पण राग पोटात ठेवला की मला पित्त होते, म्हणून चहाबरोबर सांगून टाकतो. हसायचे असेल त्यांनी आताच हसून घ्यावे!

जपाला बसलो असता मला डुलकी लागली. माणूस आहे, लागते! सौभाग्यवतीने काय करावे? हलवून जागे करावे? छे! छायाचित्र काढले! हाती माळ, तोंड उघडे, अशा अवस्थेतला मी 'ह्यांची समाधी' या शीर्षकाखाली व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर झळकलो. आमच्या साखळी गावच्या बाजारात भाजीवालीसुद्धा म्हणाली, "मास्तर, समाधी सोडून आज वांग्यांक आयलात?"

मी अबोला धरला. आठ दिवस! तिला पत्ताच नाही. तिचे लक्ष मोबाइलात. हा दुसरा अपमान!

शेवटी ठरवले, देवालाच कौल लावायचा. तोही तिच्या माहेरच्या, पेडण्यातल्या. नवऱ्याचा शब्द ती मोडते. त्या देवाचा मोडणे तिला जन्मात जमायचे नाही. मूर्तीला दोन्ही बाजूंस चिकटवलेल्या फुलाच्या पाकळ्यांतली उजवी आधी पडली तर तिने स्टेटस कायमचे बंद करायचे; डावी पडली तर मी निमूट सोसायचे. 'पणजीस जात आहे' अशी चिठ्ठी फ्रिजवर लावून निघालो.

गुरवाच्या कानात सारे हळूच सांगितले. त्याने मूर्तीला पाकळ्या लावल्या आणि वेशीपर्यंत पोहोचेल अशा आवाजात सुरुवात केली,

"बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो जावय साखळेसून इलो असा!"

"व्हय म्हाराजा!" मंडपातले पंधरा-वीस जण गरजले.

"तेची बायल मोबायलाच्या नादाक लागली असा!"

"व्हय म्हाराजा!"

अहो, तुम्हांला कोणी विचारले होते?

गाऱ्हाणे संपले. गुरवाने पाकळी माझ्या तळहातावर ठेवली. "घेवा जावयबापू, देवान न्याय केल्यान." ती रुमालात बांधून मी तडक घर गाठले.

दारातच प्रश्न आला, "अहो, पणजीत आमच्या देवाचां देवूळ कधी बांधल्यानी?"

आखातात नोकरीला गेलेल्या गावकऱ्यांसाठी देवस्थानची मंडळी सोमवारची पूजा फेसबुकवर थेट दाखवतात म्हणे! आणि ही ती दर सोमवारी पाहते म्हणे! माझ्या संसाराचे गाऱ्हाणे दुबईपर्यंत पोहोचले होते.

मी कडाडलो, "गाभाऱ्यातही मोबाइल! लाज आहे की नाही? देवाने न्याय केला आहे. आता तरी सोड तो मोबाइल!"

"सोडतंय," ती शांतपणे म्हणाली. "पयली सांगा, पाकळी खंयची पडली? उजवी काय डावी?"

मी रुमाल सोडून पाकळी तिच्यापुढे धरली.

तिने चित्रफीत लावली. गुरवाचा आवाज टिपेला. सारे हात जोडून मूर्तीकडे टक लावून उभे. आणि मधोमध मी! मान खाली, हातात मोबाइल. आज हिने स्टेटसवर काय टाकले, ते पाहत होतो. पाकळी सुटणार, तोच तिने चित्रफीत थांबवली.

"अगं, मग पडली कोणती?"

"स्टेटसवर घातलंय. बघा."

आणि मी खिशातला मोबाइल काढून पाहिले हो!