नेद्यालकाचा पहिला मोजा

नेद्यालका आमच्याच गावची, पण सारी उमेदीची वर्षं तिने बंदरावर क्रेन चालवण्यात काढली. उंच टांगलेल्या काचेच्या खोलीत बसून जहाजातलं लोखंड उचलायचं आणि अलगद धक्क्यावर ठेवायचं. निवृत्त होऊन ती नवऱ्याला, मिन्कोला घेऊन डोंगरात परतली तेव्हा त्याचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता. साखरेचा आजार. बुटाने फोड आला, चिघळला आणि पाय गेला. राहिलेला पाय उबेत ठेवा, इलॅस्टिकचा मोजा नको, कुठे घासू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून साठी उलटल्यावर ही बाई माझ्या दारातल्या बाकावर येऊन बसली.

“मावशी, मला मोजा विणायला शिकव.”

“मी देते की विणून.”

“आणि तू गेलीस की? त्याचा पाय उघडा टाकू?”

तोंडाची सरळ आहे. मी ऐंशी ओलांडलेली, वाईट कशाला वाटून घेऊ?

शेजारची स्तामेना तिथेच विणत बसली होती. “जहाजं उचलणारे हात हे. सुई सापडायची तरी का त्यांना?”

“तुझी जीभ सापडते ना, मग सुईही सापडेल,” नेद्यालका म्हणाली.

आमच्याकडे लोकर मानेमागून घेतात आणि अंगठ्याने सुईवर ढकलतात. आधी उलटा टाका शिकवायचा, सुलटा मागाहून. पहिल्याच दिवशी चुलीवर दूध उतू चाललं म्हणून ही मानेत लोकर तशीच घेऊन धावली. सुया पायऱ्यांवरून खणखणत गेल्या आणि सकाळपासूनचे टाके उसवले. स्तामेनाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. नेद्यालकाने सुया वेचल्या, पुसल्या आणि म्हणाली, “चल मावशी, पहिल्यापासून.”

टाके इतके आवळायची की सुईवरून सरकायचे नाहीत.

“अगं, जरा सैल सोड.”

“सैल सोडायची सवय नाही मला. खाली माणसं असायची.”

बर्फ वितळायच्या सुमाराला मोजा झाला. जरासा वाकडा, पण मोजाच. आता गावाची रीत अशी की शिकणारीचं पहिलं विणकाम नदीला द्यायचं, मग हात पाण्यासारखा चालतो. स्तामेना उठलीच. “चला पुलावर.”

“नदीला पाय आहेत का?” म्हणत नेद्यालका घरी गेली आणि तिने तो मोजा मिन्कोच्या पायात चढवला.

“मऊ आहे,” मिन्को म्हणाला. “आणि एकच विणायचा. निम्म्या कष्टात नवरा पडलाय तुला.”

संध्याकाळी तिने मोजा उतरवला. टाचेच्या बाजूला मसुराच्या डाळीएवढा लाल डाग. मिन्कोला काहीच कळलं नव्हतं. त्या पायाला आता टोचलेलं कळतच नाही.

सकाळी ती मोजा उलटा करून माझ्याकडे घेऊन आली. लोकर संपली तिथे तिने गाठ मारली होती.

“अशी मारली मावशी, की जहाज टांगलं तरी सुटायची नाही.”

“मोज्यात गाठ मारत नाहीत, पोरी. जुनं टोक नव्या लोकरीबरोबर धरून थोडे टाके दोन्ही मिळून विणायचे.”

आता स्तामेनाचाच जीव लोकरीसाठी तुटायला लागला. “टाच तेवढी उसव. बाकी चांगला आहे की.”

“त्याला चावलाय हा. घरात नको मला,” नेद्यालका म्हणाली, आणि पुलावर जाऊन तिने तो स्वतःच्या हाताने सोडून दिला. परत येऊन तशीच बाकावर बसली आणि नवे टाके घातले. जाताना स्तामेनाने आपल्या मेंढीच्या लोकरीचा सगळ्यात मऊ गुंडा तिच्या मांडीवर ठेवला.

शिकवल्यावर सगळ्याच शिकतात. पण दुसरा मोजा झाल्यावर हिने काय केलं, ते मी कुणाला करताना पाहिलं नव्हतं. डोळे मिटून हात आत घातला आणि टाका न् टाका बोटांनी चाचपला. टाच दोनदा उसवून पुन्हा विणली. मगच मिन्कोच्या पायात घातला. संध्याकाळी मीही गेले, राहवेना म्हणून. तिने मोजा उतरवला, पाय कोमट पाण्याने धुतला आणि खिडकीच्या उजेडात धरून सगळीकडून निरखला.

“काय दिसतंय?” मिन्कोने विचारलं.

“नुसता पाय,” ती म्हणाली. आणि हा मोजा धुवायला पडला की घालायला दुसरा हवा म्हणून तिने सुया हातात घेतल्या.