जजच्या नावापुढची खूण

आम्ही वेगळं व्हायचं ठरवलं त्या वर्षी टेक्सासमध्ये इलेक्शन होती, गव्हर्नरपासून खाली सगळ्यांची. आम्हा दोघांना सिटिझनशिप मिळून फार काळ झाला नव्हता, आणि राज्याच्या निवडणुकीत मत द्यायची ती आमची पहिलीच वेळ. एरवी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आता एक आठवली की दुसरी आठवते.

ठरवलं म्हणजे भांडण वगैरे काही झालं नाही. माझे मिस्टर कन्सल्टंट होते. सोमवारी पहाटेच्या विमानाने दुसऱ्या राज्यात जायचे, शुक्रवारी परत यायचे. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या तपासण्या करायचे. मुलगी बारा वर्षांची. कित्येक वर्षं असंच चाललं होतं. ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी भेंडी चिरत होते आणि ते समोर टपाल उघडत बसले होते.

"तुला शनिवार-रविवार जड जातात ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "तुम्हाला?"

"मलाही."

मी फोडणी केली. संध्याकाळी जेवून झाल्यावर आम्ही वकिलाबद्दल बोललो, एखादा प्लंबर शोधायचा असावा तसं. मुलीला दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती "ओके" म्हणाली आणि वर तिच्या खोलीत गेली. तिच्या मागे जायला हवं होतं असं आज वाटतं. त्या दिवशी मी ओटा पुसला.

वकील एक मध्यमवयीन बाई होत्या. आमचं कशावरूनच वाजत नाहीये याचं त्यांना जरा नवल वाटलं. मुलगी माझ्याकडे, सुट्टीत मिस्टरांकडे; घर विकायचं. बुद्धाची मूर्ती मी घ्यायची, कारण ती माझ्या आईने नागपूरहून सोबत दिली होती. एवढंच. वकीलबाई म्हणाल्या, कायद्याने थोडं थांबावं लागतं, आणि मध्ये सणासुदीच्या सुट्ट्या येतात, तेव्हा तारीख जानेवारीतच मिळेल. "जज कोण असेल ते मात्र आत्ता सांगता येत नाही. नोव्हेंबरात इलेक्शन आहे."

"जजची इलेक्शन?" मी विचारलं.

"इथे जजला लोकच निवडून देतात," त्या म्हणाल्या. "टेक्सास आहे हे."

ही गोष्ट माझ्या मनात राहिली. त्या दिवसांत बाकी फार काही राहत नव्हतं. लॅबमध्ये काम बरोबर व्हायचं, गाडी आपोआप घरी यायची, पण दुपारी काय खाल्लं हे संध्याकाळी आठवायचं नाही. वाईट वाटत होतं असंही नाही. दात काढल्यावर ओठ आपला नसल्यासारखा होतो, तसं सगळंच झालं होतं.

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी मराठी मंडळातले एक काका आमच्याकडे आले. मूळचे पुण्याचे, रिटायर्ड इंजिनिअर, फार हौशी माणूस. इतक्या वर्षांत मंडळाच्या कार्यक्रमांत भेटायचे, पण घरी कधी आले नव्हते. राज्याच्या विधानसभेला आमच्या भागातून उभ्या असलेल्या एका उमेदवाराचा ते प्रचार करत होते आणि आमच्या अर्विंग गावातली एकूण एक देशी घरं पालथी घालत होते. मिस्टर घरी होते. आम्ही दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसलो. मी चहा केला, संत्र्याची बर्फी ठेवली.

"हे बघा, गव्हर्नर कोणी का होईना," काका म्हणाले, "तो काही आपला फोन घेणार नाही. पण हा आपला माणूस घेईल. शाळा, रस्ते, हे सगळं यांच्या हातात. तुम्ही दोघंही सिटिझन झालात ना? मग दोन मतं माझी पक्की!"

"पक्की," मिस्टर म्हणाले.

"काय हो ताई?"

"हो, हो," मी म्हणाले.

काका खूश झाले. बाहेर जाऊन त्यांनी गाडीच्या डिकीतून उमेदवाराच्या नावाची पाटी काढली आणि विचारलं, लॉनवर लावू का? मिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या घराबद्दल त्यांनी मला काही विचारावं असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. मी मान हलवली. काकांनी पाटीच्या तारा मातीत रोवल्या, मागे सरकून ती सरळ आहे ना ते पाहिलं, आणि जाताना म्हणाले, "तुमच्यासारखी घरं आहेत म्हणून बरं."

मुलगी खिडकीतून बघत होती. "वी डोन्ट इव्हन नो हिम," ती म्हणाली. "इट्स सो एम्बॅरसिंग."

पुढच्याच आठवड्यात रिअल इस्टेटवाल्या बाईने तिच्या शेजारी 'फॉर सेल'ची पाटी लावली. दोन्ही पाट्या महिनाभर एकमेकींना खेटून उभ्या होत्या. शेजाऱ्यांपैकी कोणी काही विचारलं नाही.

इलेक्शन मंगळवारी होती. मिस्टर त्या सोमवारी गेले नाहीत. मत देऊन बुधवारी जाईन म्हणाले. त्यांची गाडी दुरुस्तीला गॅरेजमध्ये होती. मी लॅबमधून दुपारी लवकर निघाले आणि आम्ही माझ्या गाडीतून एकत्र गेलो. मतदान मुलीच्या जुन्या प्राथमिक शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये होतं. भिंतीवर मुलांनी रंगवलेले टर्की पक्षी चिकटवले होते, आणि हॉलला अजून दुपारच्या जेवणाचा वास होता. आम्ही रांगेत उभे राहिलो. पुढे मी, मागे ते. टेबलाशी एक पांढऱ्या केसांच्या आजी नावं तपासत होत्या. आमचं आडनाव एकच पाहून त्या हसल्या.

"नवरा-बायको जोडीने आलात! छान वाटतं. माझा नवरा आयुष्यभर माझं मत खोडायलाच यायचा. आता तो नाही, तर मत देताना मजा येत नाही."

मिस्टर हसले. मीही हसले असेन.

मतपत्रिका केवढी मोठी होती! गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर, अ‍ॅटर्नी जनरल, राज्याचा हिशेब बघणारा, जमिनी बघणारा, शेती बघणारा. रेल्वे कमिशनर म्हणून एक होता, त्याच्याकडे म्हणे तेलाच्या विहिरींचं काम असतं. मग सिनेट, मग विधानसभा. अगदी वर, एकाच खुणेत एका पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत द्यायचीही सोय होती. मी ती घेतली नाही. नागपूरला आमच्या वस्तीत मतदानाच्या दिवशी माझे वडील गिरणीतून रात्रपाळी करून यायचे, अंघोळ करायचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे आणि न झोपता रांगेत जाऊन उभे राहायचे. एका मतासाठी एवढं करणाऱ्याच्या मुलीने एका खुणेत सगळं उरकून टाकणं बरं दिसलं नसतं. म्हणून एकेक नाव वाचत गेले. काकांच्या माणसालाही दिलं.

आणि मग जजची नावं सुरू झाली. कितीतरी होती. त्यात फॅमिली कोर्टाचे जज, आणि त्यांत एका कोर्टाचा नंबर माझ्या ओळखीचा. आमच्या कागदांच्या डोक्यावर तोच नंबर होता. खाली दोन नावं, एक बाईचं, एक पुरुषाचं. त्यांच्यापैकी एक जण जानेवारीत आम्हाला तुम्ही आता नवरा-बायको नाही असं सांगणार होता, आणि कोणी सांगायचं ते निवडायला मला एक पेन्सिल दिली होती.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. दोघांबद्दलही मला काहीच माहीत नव्हतं. आपण नेमकं काय मागावं तेही कळेना. दयाळू असावा? आमच्यात दया दाखवण्यासारखं काही नव्हतं. झटपट काम करणारा असावा? पुढच्या पडद्याआडचा माणूस मत देऊन निघून गेला, दुसरा आला. शेवटी बाईच्या नावापुढे खूण केली. का, ते विचारलं तर सांगता येणार नाही.

बाहेर मिस्टर गाडीपाशी माझी वाट बघत उभे होते.

"एवढा वेळ?"

"सगळं वाचत होते. तुम्ही जजला कोणाला दिलंत?"

"मी वरच एक खूण केली. सगळे त्यातच आले."

"त्यात आपलं कोर्ट होतं," मी म्हणाले.

"कुठलं आपलं?" आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ते गाडीच्या टपावर हात ठेवून तसेच उभे राहिले. "हो का," म्हणाले. "मी पाहिलंच नाही."

मला राग येईल असं वाटलं होतं. तो आला नाही. ते म्हणाले, "कॉफी घ्यायची?" आणि आम्ही कोपऱ्यावरच्या डोनटच्या दुकानात गेलो. मुलीच्या ब्रेसेसबद्दल बोललो, त्यांच्या आईच्या गुडघ्याबद्दल बोललो. तिथून निघताना त्यांनी माझा कपही उचलून कचऱ्यात टाकला. अर्धी कॉफी त्यात तशीच होती.

काकांचा माणूस पडला. त्या आठवड्याच्या शेवटी काका पाटी न्यायला आले. मी एकटीच घरी होते. दारातून पाहिलं तर ते दोन पाट्यांच्या मध्ये उभे होते.

"घर विकताय? मोठं घेताय वाटतं?"

"नाही काका. आम्ही वेगळे होतोय."

त्यांनी पाटीवरचा हात काढून घेतला. तोपर्यंत हे मी लॅबमध्येसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते या फारशी ओळख नसलेल्या माणसाला. "मी त्या दिवशी काय काय बडबडून गेलो," ते पुटपुटले.

"तसं काही नाही. चहा घ्या ना."

"नको. आज नको."

त्यांनी पाटी उपटली. तारांची दोन भोकं लॉनमध्ये राहिली. ते वाकले, हाताने माती ओढून त्यांनी ती बुजवली आणि बुटाने हळूहळू दाबली, घर विकत घेणाऱ्याला दिसू नये म्हणून. "येतो ताई," म्हणाले. नंतर वर्षभर काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, दर महिन्याला माझ्याकडे काही ना काही पाठवत राहिल्या, कधी मेतकूट, कधी लाडू. चिठ्ठी कधी नसायची.

जानेवारीत कोर्टात गेलो. जज तीच बाई होती, नुकतीच निवडून आलेली. टेबलावर अजून कोणीतरी दिलेला फुलांचा गुच्छ होता. तिने आमचं आडनाव वाचायचा प्रयत्न केला, थांबली, आणि मला विचारलं, "कसं म्हणायचं हे?" मी सांगितलं. तिने दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा बरोबर जमलं. मग विचारलं, पुन्हा एकत्र येण्याची काही शक्यता आहे का? मी नाही म्हणाले. मिस्टरांना विचारायची गरज नव्हती, तरी तिने विचारलं. तेही नाही म्हणाले. चहाला उकळी यायला लागेल तेवढाच वेळ लागला असेल. तिने सही केली आणि आम्हा दोघांना गुड लक म्हणाली. माझ्या मागे पुढचं जोडपं उठून उभं राहिलं होतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी म्हणाले, "अहो, तुमचा मफलर आत राहिला." ते परत गेले, मफलर घेऊन आले. तेव्हा आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही की आता अहो म्हणायचं काही कारण उरलेलं नाही.

घर फेब्रुवारीत विकलं गेलं. मी आणि मुलगी शाळेजवळच्या अपार्टमेंटमध्ये गेलो. मिस्टर कॅलिफोर्नियाला, सांता क्लाराला. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मुलीने नव्या खोलीला स्वतः रंग निवडला. मी रोज कामावर जात होते, आणि लोक म्हणायचे, तू किती छान सांभाळलंस.

मग मे महिन्यात एका साध्या सकाळी, लॅबमध्ये ट्यूबवर लेबलं चिकटवताना, माझे हात थरथरायला लागले. थांबेनात. मी ट्यूब स्टँडमध्ये ठेवल्या, एकही पडू दिली नाही, आणि स्टुलावर बसले. शेजारी काम करणारी फिलिपिनो बाई पाणी घेऊन आली. "काय झालं?" तिने विचारलं. मी रोल धरलेला हात पुढे केला. तिने माझ्या हातातून लेबलांचा रोल घेतला आणि उरलेल्या ट्यूबना माझ्या वतीने लेबलं लावत राहिली. मी पाणी पीत बसले. हात थांबल्यावर उठले आणि मशीन सुरू केलं.