आईची खुर्ची

कात्रजला आमच्या समोर राहणारा एक जण नुकताच ट्रक ड्रायव्हर झाला होता. खराडीच्या नव्या कंपन्यांत कॉम्प्युटरची खोकी पोचवायची, पण रिव्हर्स घेताना त्याला घाम फुटे. तीनतीनदा आरसे पुसत बसे. म्हणून रविवारी मैदानात अख्खं घर सरावाला उतरे. बायको मागून ओरडे, "येऊ द्या, येऊ द्या." मागे भिंत म्हणून प्लास्टिकची खुर्ची ठेवत, अशा दोन खुर्च्या त्यानं चेपल्या.

तिसऱ्या खुर्चीवर त्याची आई मेथीची जुडी घेऊन स्वतःच बसली. सराव बघायला आलेला मी ओरडणारच होतो, तोच ट्रक सरळ मागे येऊन हातभर अंतरावर थांबला. तो खाली उतरून आईकडे धावला.

मेथी निवडता निवडता आई म्हणाली, "अजून जागा आहे की."