टायरची आतली कड

नाशिकहून निघण्याच्या आदल्या दिवशी मी गाडीचे चारही टायर काळ्या पॉलिशनं असे चमकवले, की शेजारच्या कुलकर्ण्यांनी विचारलं, "नवे टाकले वाटतं?" मी नुसता हसलो. खोटं बोललो नाही, एवढं माझ्या बाजूनं नक्की सांगता येईल. या प्रवासात माझ्या बाजूनं सांगण्यासारखं यानंतर फारसं काही घडलं नाही.

माझी गाडी इलेक्ट्रिक आहे. ती घेतल्यापासून तीन वर्षं मी भेटेल त्याला एकच प्रवचन दिलं होतं. इंजिन नाही, ऑइल नाही, गिअर नाही, मग बघायचं काय असतं? रात्री चार्जिंगला लावा, सकाळी निघा. लग्नात दिलं, बारशात दिलं, एकदा तर दहाव्याच्या घाटावर दिलं. तिथून बायकोनं दंडाला धरून बाजूला नेलं, म्हणून ते अर्धंच राहिलं.

निघालो होतो आत्याला भेटायला. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो आणि आक्का अकरा वर्षांची. वडिलांनी मला नाशिकला मावशीकडे आणलं. आक्का मलकापुरातच राहिली, वडिलांच्या बहिणीकडे. आत्यानंच तिला वाढवलं आणि तिथूनच तिचं लग्न करून पेठ वडगावला पाठवणी केली. मला आत्या म्हणजे दिवाळीचं एक पोस्टकार्ड. आक्काला ती आईच, आणि आक्का तिची सुमी.

आता आत्या नव्वदीला आली होती आणि तिचं लक्षात राहणं आटत चाललं होतं. आतेभाऊ सर्जा फोनवर म्हणाला होता, "सकाळी अकरापातूर बरी असती. समद्यांस्नी वळखती, नावं घेती. उन्हं चढली की कुणालाच वळखत न्हाय. आणि ह्या सकाळीबी आता कमी कमी व्हाय लागल्यात. यायचं तर लवकर या."

तर अकराच्या आत पोचायचं होतं. बाकी या प्रवासाला दुसरा हेतू नव्हता.

पुण्यापर्यंत सगळं झकास. कराडच्या पुढे गाडीत एक घुमणारा आवाज यायला लागला, जात्यासारखा. मी म्हटलं, सिमेंटचा रस्ता असेल. स्टिअरिंगही किंचित डावीकडे ओढ घेत होतं. मी म्हटलं, रस्त्याला उतार असेल. रस्त्यावर इतके आळ घेऊन मी संध्याकाळी वडगावात शिरलो.

आक्का दारातच उभी होती. सत्तरी आली, पण आवाज अजून बाजाराच्या दिवशी पलीकडच्या गल्लीत पोचेल असा. "वाळलास की रं! बायकू घालत न्हाय व्हय काय खायाला?" जेवायला भाकरी, खर्डा (ठेचलेल्या मिरचीचं तिखट) आणि वांग्याची भाजी होती. जेवताना ती म्हणाली, "मी सकाळच्या सहाच्या एस.टी.नं जातो म्हणत हुतो. कोल्हापुरात बदलायची, नवाच्या आत मलकापूर." (इकडच्या बायका 'जाते' म्हणत नाहीत, 'जातो' म्हणतात. चार दिवस राहिलं की आपल्यालाच 'जाते' नाजूक वाटायला लागतं.)

मी दुखावलो. "दारात गाडी असताना एस.टी.? आठला निघू, पावणेदहाला आत्याच्या उंबऱ्यात. तुझ्या पोटातलं पाणी हलणार नाही."

"बरं. तू म्हणतोस तर," आक्का म्हणाली. हे चार शब्द मी अजून ऐकतो.

सकाळी ती इरकल नेसून, मांडीवर डबा घेऊन तयार होती. डब्यात हुलग्याचं माडगं होतं (कुळथाच्या पिठाची पातळ पेज, वर लसणाची फोडणी). आत्यानं तिला लहानपणी तापात पाजलेलं. आता तिनं आत्यासाठी केलेलं. "गरम हाय तवर पोचलं पायजे," ती म्हणाली.

वाठारवरून वारणानगरकडे वळलो. कारखान्याचं धुराडं, मळीचा वास, दुधाचे टँकर, सायकलींवरून शाळेला चाललेल्या मुलींची रांग. हंगाम चालू होता, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्ताभर डुलत चालले होते. प्रत्येकाला मागे टाकताना मी पायाखालचं पेडल पुरतं दाबायचो. या गाड्यांना गिअर बदलायला वेळ लागत नाही. दाबलं की बाण सुटतो. "बघ आक्का!" मी दर वेळी म्हणायचो. आक्का डबा सावरायची.

बोरपाडळ्याला रत्नागिरी रस्त्याला लागलो. रस्ता रुंद करायचं काम चाललेलं, मधेच डांबर, मधेच खडी. चार-पाच किलोमीटर गेलो असू, आणि पुढच्या डाव्या चाकाखालून कुणीतरी गोणपाट फाडावं तसा आवाज आला. गाडी बसली. नऊ वाजले होते.

टायर बाहेरून तुकतुकीत काळा दिसत होता. फक्त सपाट होता. मी डिकी उघडली आणि तिथं मला एक गोष्ट नव्यानं कळली, जी विकत घेताना शोरूममधल्या पोरीनं हसत हसत सांगितली होती: या गाडीला स्टेपनी नाही. तिच्या जागी फेसाचा एक डबा आणि हवेचा छोटा पंप. डब्यातला फेस टायरात सोडायचा, भोक बुजतं.

तेवढ्यात मागून वडाप आलं. (वडाप म्हणजे माणसं भरून नेणारी खाजगी जीप.) ड्रायव्हरनं स्वतःहून थांबवली. "मावशी, मलकापूर काय? बसा की. फुडं जागा हाय."

आक्कानं एक पाय खाली ठेवलासुद्धा.

"थांब गं," मी म्हणालो. "दहा मिनिटांत होतंय. डबा आहे माझ्याकडे."

ड्रायव्हरनं माझ्याकडे, मग फेसाच्या डब्याकडे बघितलं, आणि जीप गेली.

मी फेस सोडला. तो टायरात गेला आणि तसाच टायरच्या आतल्या बाजूनं माझ्या पँटवर आला. "दाढी करतोयस व्हय रं?" आक्कानं विचारलं. ती अजून हसत होती. मी कंपनीला फोन लावला. कोल्हापूरहून गाडी उचलणारी व्हॅन येईल म्हणाले, तीन तासांत. तोवर पुढची चाकं जमिनीवर ठेवून कुणालाही ओढू देऊ नका. एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर काढला होता, त्याला मी हे कारण सांगितलं. "ढकलायची न्हाय, वडायची न्हाय, मग करायचं काय हिचं? पुजा?" म्हणून तो निघून गेला.

दहाला पाच कमी असताना कोल्हापूर-मलकापूर एस.टी. आली. आक्कानं हात केला. एस.टी. थांबली. आणि मी, ज्याच्या पँटवर फेस वाळत होता, तो पुन्हा म्हणालो, "अगं, दूधवाल्याकडून पंक्चरवाल्याला निरोप दिलाय. तो येतोच आहे. तू एकटी कशाला उतरत-चढत बसतेस?"

खरं सांगायचं तर मला आत्याच्या दारात ती गाडीतून उतरायला हवी होती. मी दार उघडणार, गल्ली बघणार. बस एवढंच.

कंडक्टरनं घंटी दिली. आक्का एस.टी.कडे बघत राहिली, मग माझ्याकडे. सव्वादहाला ती रस्त्याच्या कडेला दगडावर जाऊन बसली.

पंक्चरवाला आला तेव्हा साडेदहा झाले होते. रफिकभाई, पन्नाशीचे, बांबवड्याच्या फाट्यावर तीन पिढ्यांचं दुकान. स्कूटरला जॅक बांधून आणलेला. मी घाईनं जॅक गाडीच्या पोटाखाली सरकवायला गेलो.

"आं! तितं न्हाय पावणं!" ते ओरडले. "बॅटरी हाय तितं. फुटली म्हंजे टायर ऱ्हायला बाजूला." त्यांनी कडेची खाच बोटांनी चाचपली, तिथं जॅक लावला, चाक काढून आडवं टाकलं. "आता हिथं हात घाला. आतनं."

मी आतल्या कडेवरून हात फिरवला आणि काढून घेतला. रबर नव्हतंच. झिजून तारा बाहेर आल्या होत्या, बोटाला टोचल्या. बाहेरची कड मात्र नव्यासारखी.

"अलाइनमेंट कवा केलासा?"

"म्हणजे... या गाडीला तसं काही लागत नाही."

"टायर अदलाबदली? फुडचं मागं?"

मी पँटवरचा वाळलेला फेस खरवडायला लागलो.

"हवा तरी कवा बघितलासा?"

"पॉलिश केलं होतं," मी म्हणालो. हे का म्हणालो ते अल्ला जाणे आणि रफिकभाई जाणोत.

त्यांनी मान हलवली. रागानं नाही, डॉक्टर हलवतात तशी. "गाडीला लागत नसंल हो, टायरला लागतंय की. बॅटरीचं वझं, दुसऱ्या गाडीपरास किती जड हाय ही. आणि दाबली की चाकाला एकदम झटका. चाक जरा वाकडं असलं की आतली कड घासत ऱ्हाती. उभं ऱ्हाऊन दिसत न्हाय. वाकून, चाक वळवून बघाय लागतंय. आवाज येत नव्हता व्हय?"

"येत होता. कराडपासून."

"मग?"

"रस्त्याचा वाटला."

आक्का दगडावरून सगळं ऐकत होती. अकरा वाजले तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं.

उजव्या चाकाची तीच गत होती. या मापाचे टायर बांबवड्यात नव्हते, मलकापुरातही नव्हते. रफिकभाईंनी कोल्हापूरच्या दुकानाला फोन केला. "जोडी एस.टी.त घालून दे, कंडक्टर मास्तरला सांग." मी व्हॅनला नको म्हणून कळवलं. दीडच्या सुमारास एस.टी. आली, तेव्हा माझे दोन्ही नवे टायर ड्रायव्हरमागच्या सीटवर शेजारी शेजारी बसले होते, खिडकीची जागा घेऊन. ज्या जागेवर आक्का असायला हवी होती.

त्याआधी बाराला आक्कानं डबा उघडला. "गार झालं. तिला गार चालत न्हाय. खा तू."

"नको गं."

"खा. टाकायचं व्हय?"

मी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून आत्याचं माडगं खाल्लं. चवीला फार चांगलं होतं.

मलकापुरात पोचलो तेव्हा तीन वाजले होते. गल्लीत कुणीच नव्हतं, सगळे झोपलेले. सर्जा दारात आला आणि आम्हाला बघून क्षणभर आतही घेईना. "सकाळी सहालाच न्हाली," तो म्हणाला. "हिरवं लुगडं नेसली. सुमी येणार, सुमी येणार, धा येळा मला फाट्यावर धाडलं बघाया. अकरालाबी इचारत हुती. मग... इचारायची ऱ्हायली."

आत्या पलंगावर बसली होती, हिरव्या लुगड्यात. आक्कानं पाय धरले. आत्यानं तिच्याकडे नीट बघितलं, अगदी नीट, आणि सर्जाला विचारलं, "ही बाई कोण रं?"

"सुमी हाय आई."

"सुमी यायची हाय," आत्या म्हणाली. "हिला पाणी दे."

आम्ही मुक्काम केला. उद्या सकाळ आहेच, असं मी आक्काला तीनदा म्हणालो. उजाडताच ती पलंगाशी जाऊन बसली. आठ वाजले, नऊ वाजले, दहा. आत्यानं त्या दिवशी सर्जालाही ओळखलं नाही. पुढच्या दिवशीही नाही. जी सकाळ गेली ती शेवटची होती. ती मी बोरपाडळ्याच्या पुढे, खडीच्या रस्त्यावर, फेसाचा डबा हलवण्यात घालवली होती.

मुक्कामाच्या पहिल्या सकाळी साडेदहाला आत्या आक्काला म्हणाली, "ए बाई, अंघोळीचं पाणी तापलं का?"

आक्का उठली. "तापलं की. चला." तिला वाटलं असेल तेवढ्यापुरतं. पण दुपारी आत्यानं तिला तांदूळ निवडायला सांगितले, संध्याकाळी पाय चेपायला. कामाला नवी बाई आली, अशी तिची समजूत झाली होती.

तिसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा आक्का उंबऱ्यात हात पुसत उभी होती. "मी ऱ्हातो काई दिवस. तू जा. सावकाश जा." ती एवढ्या तीन दिवसांत मला एक शब्द वेडावाकडा बोलली नाही. वडगावची माझी आक्का, जी भाजीत मीठ कमी पडलं तर भाजीवालीलाही बोलते! ती बोलली असती तर मी नाशिकपर्यंत जरा सुखानं गेलो असतो.

कोल्हापुरात अलाइनमेंट केलं. चाकं किती वाकडी होती ते पडद्यावर लाल आकड्यांत दिसलं. पंधरा मिनिटांचं काम होतं. मी त्या माणसाला इतके प्रश्न विचारले, की तो म्हणाला, "काका, गाडी नवीन घेतलीय काय?" मागचे टायर पुढे कधी आणायचे, हवा गार टायरात का बघायची, पेडल हळू का दाबायचं, सगळं लिहून घेतलं. येताना प्रत्येक चहाला उतरलो की वाकून, आतल्या कडेला हात लावून बघत होतो. लोकांना वाटलं असेल, म्हातारा गाडीच्या पाया पडतोय.

इतकं करून मी कुठे लवकर पोचणार होतो, ते मला माहीत नव्हतं. गाडी आता सरळ चालते, स्टिअरिंग ओढत नाही. मी मात्र कुणाला प्रवचन देत नाही. विचारलंच कुणी, तर सांगतो की टायर बघत जा. का, ते सांगत नाही.

आक्का दीड महिना झाला तरी मलकापुरातच आहे. मी रोज फोन करतो आणि रोज एकच विचारतो.

"वळखलं?"

"न्हाय."

परवा मात्र ती आपणहून सांगायला लागली. "काल डोकं इंचरताना म्हणली, बाई, तुला आई हाय का गं? म्हणलं, हाय की. म्हणली, कुठं असती? म्हणलं, मलकापुरातच. तर रागावलीच माझ्यावर. म्हणली, एवढ्या जवळ हाय, आणि भेटाय जात न्हाईस व्हय तिला?"

"मग तू काय म्हणालीस?"



"म्हणलं, निघालो हुतो. वाटंत उशीर झाला," ती म्हणाली. "तुझ्या गाडीचं नाव न्हाय काढलं."