ठकीची साखर

उभ्या बीड जिल्ह्यात मांजराच्या कानातून रक्ताचा थेंब काढण्यात माझ्या धाकट्या मामांचा हात धरणारा माणूस मिळायचा नाही. भाचा म्हणून सांगत नाही. आमच्या पाटोद्यात जनावरातली जाण असलेली माणसं पायलीला पन्नास आहेत. म्हैस कधी विणार हे तिच्या चालीवरून सांगतील, शेळीचं पोट कशानं फुगलं ते बसल्या जागी ओळखतील. पण मामांच्या घरच्या ठकीला, म्हणजे मांजराला, मधुमेह झालाय म्हटल्यावर ही सगळी मंडळी फिदीफिदी हसली. एकाने तर विचारलं, "मग चहा बिनसाखरेचा देता का तिला?" मामांनी त्याला ओट्यावर बसवून घेतलं आणि इन्सुलिन म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. अर्ध्या तासाने तो बिचारा "म्हशीला पाणी दाखवायचं हाय" म्हणून सुटला.

मामा एसटीत कंडक्टर होते. उमेदीची वर्षं पाटोदा-आष्टी गाडीत तिकिटांना भोकं पाडण्यात गेली आणि उतारवयात त्यांच्या हाती मांजराचा कान आला. ठकीचं इंजेक्शन सकाळी सात आणि संध्याकाळी सात. सात म्हणजे सात. पावणेसातला कोमट फडक्यानं कान शेकायचा, कडेची बारीक शीर दिसली की टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा आणि यंत्रावर उमटलेला साखरेचा आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा. मग फ्रीजमधली बाटली दोन्ही तळव्यांत हळूहळू फिरवायची. मी एकदा ती खळाखळा हलवली तर केवढे चिडले. "औषध हाय बे ते, ताक न्हाई!" मानेवरची कातडी चिमटीत धरून दोन युनिट द्यायचे, पण त्याआधी वाटीवर चमचा दोनदा वाजवायचा. डबल बेल झाली की ठकी मुकाट्यानं मान खाली घाली. खोटं वाटेल, पण मी या डोळ्यांनी पाहिलंय. लाइट गेली की बाटली डब्यात घालून माठाखालच्या ओल्या वाळूत जायची. या सात-सातच्या पायी मामांनी लग्नं सोडली, बारशी सोडली. माझ्या पोराच्या जावळाला नारायणगडावर आले ते "सातच्या आत घरी सोडशील का" हे तीनदा विचारून, आणि पंगत बसायच्या आधीच परत निघाले. माझी बायको अजून ते विसरलेली नाही.

ठकी खरं तर मामांची नव्हेच. ती ताईची, म्हणजे मामांच्या एकुलत्या एक मुलीची. मामी लवकर गेल्या. मामांनी ताईला एकट्यानं वाढवलं, ड्यूटीवर जायच्या आधी तिच्या वेण्या घातल्या, पुढे नर्सिंगला घातलं. ताईला नाशकात नोकरी लागली, तिथं तिनं आपल्या मनानं लग्न केलं आणि बापाला नंतर कळवलं. मामा एवढंच म्हणाले, "मधल्याच स्टॉपवर उतरली ती." त्यानंतर तीन वर्षं बोलणं बंद. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. कॉलेजात असताना तिनं ओढणीत गुंडाळून आणलेलं हे मांजर तेवढं मागे राहिलं. पूर्वी ज्याला मामा पायानं बाजूला सारायचे, ते आता त्यांच्या पांघरुणात झोपू लागलं. मामा कुणाच्या आठवणीनं ठकीच्या पाठीवरून हात फिरवत, हे काय मला कळत नव्हतं? पण बोलायची टाप नव्हती.

मामा माळकरी. दूधभाकरी बंद करा, अंडी-मांस द्या, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर चांगलीच पंचाईत झाली. दोन दिवस विचार करून त्यांनी निकाल दिला, "माळ माज्या गळ्यात हाय, तिच्या न्हाई." परसात तीन दगडांची चूल मांडून, नाकाला उपरणं लावून ते वेगळ्या भगुल्यात अंडं उकडत. पण एकादशीला परसातसुद्धा अंडं नाही. पहिल्याच एकादशीला त्यांनी सातला सुई दिली आणि ठकीपुढे भगर ठेवली. ठकीनं हुंगून तोंड फिरवलं. मी गेलो तेव्हा मामा कौतुकानं सांगत होते, "हिनं तर निर्जळी धरली बग." दहाच्या सुमाराला ठकी उठली ती झोकांड्या खातच. दोन पावलांवर आडवी झाली आणि तिचे पाय ताठ व्हायला लागले.

डॉक्टरांचा फोन लागेना. मामा ठकीजवळ फतकल मारून बसले. "ही पन गेली तर माज्याजवळ काय राह्यलं रं?" असं म्हणाले, आणि मग खाली बघत, "तिला लाव." तिला म्हणजे कुणाला हे मी विचारलं नाही. ताईनं फोन उचलला तसा मामांनी तो माझ्या हातातून घेतला. तीन वर्षांनी बाप लेकीशी बोलला ते असं: "सुई दिली, खाल्लं न्हाई, पडली."

ताई म्हणाली, "गुळाचं घट्ट पाणी करा. तोंडात वतू नका, ठसका लागंल. बोटानं हिरड्यांना चोळा. आन् फोन ठिवू नका." मामा चोळत राहिले. बऱ्याच वेळानं ठकीनं जीभ बाहेर काढून त्यांचं बोट चाटलं.

"आता अंडं द्या तिला."

"आज एकादस हाय."

"बाबा."

"देतो, देतो."

आणि आमच्या माळकरी मामांनी भर एकादशीला, स्वयंपाकघरात, गॅसवर अंडं उकडलं. उपरणं नाकाला लावायचं त्यांच्या ध्यानातही राहिलं नाही.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सातला ताईचा फोन येऊ लागला. किती आली? दोनशे चाळीस. सुई? दिली. खाल्लं? खाल्लं. झालं बोलणं. कशी आहेस नाही, तब्येत कशी आहे नाही, जावयाचा तर विषयच नाही. तरी मामा साडेसहालाच धुतलेला सदरा घालून, भांग पाडून फोनजवळ बसत. फोनवर काय भांग दिसतो?

गेल्या पौषात ठकी गेली. वय झालं होतं, एका सकाळी उठलीच नाही. आम्ही तिला परसात शेवग्याखाली पुरलं. संध्याकाळी सातला फोन वाजला. "किती आली?" मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाले, "एकशे वीस." सुई? दिली. खाल्लं? खाल्लं. फोन ठेवून माझ्याकडे वळले. "बोलशील कुठं तर बग बे." मी कशाला बोलतोय! मग रोज तेच चाललं. मेलेल्या मांजराची साखर दिवसेंदिवस सुधारत गेली.

महिन्याभरानं ताईनंच मला फोन केला. "ठकी कधी गेली रे?" मी काही सांगायच्या आत तीच म्हणाली, "इतकी गुणाची साखर मानसाची येत न्हाई, मांजराची कुठून येनार? तू बाबांना सांगू नको. मला फोन करायला दुसरं काय निमित्त हाय?" मला रडू आलं आणि दोघांचा रागही आला. एकाच रक्ताची हट्टी माणसं, दुसरं काय!

परवा मी मामांकडे बसलो होतो. सातला फोन वाजला. "किती आली?" मामा एकदम म्हणाले, "साडेचारशे."



"लई वाढली की," ताईचा आवाज आला.

"हां. माज्या एकट्याच्यानं आवरंना आता."

"मी येऊ का, बाबा?"

"सुट्टी असंल तर ये. जावयालाबी आन. कान धराया मानूस लागतंय."

"उद्याच्या गाडीनं निघतो आमी."

मामांनी फोन ठेवला. चेहरा असा उजळला होता की ताईशी बोलणं बंद झाल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. आणि पाहता पाहता तो पडला. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"ती येती रं," ते म्हणाले. "पन तिला मांजर कुठून दाखवू?"

तिला सगळं ठाऊक आहे, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. "येऊ तर द्या तिला," म्हणालो.